वेवजीची अकरा नावं

मुंबई
६ फेब्रुवारी २०१७

मुकेशदादा,

माझा फोन तू उचलत नाहीस. वहिनीला लावला तर ती बोलता बोलता फोन तुझ्या हातात देते आणि तू कापतोस. म्हणून हे पत्र. फाडायचं असेल तर वाचून फाड. बाबांच्या दिवसकार्यात आपलं जे झालं त्याबद्दल यात काही नाही. हे कामाचं आहे.

मी हल्ली काय करते हे तुला कधी नीट सांगितलं नाही. तू तुझ्या झेरॉक्सच्या दुकानात सगळ्यांना सांगायचास, माझी बहीण शेअर बाजाराची वकील आहे. तेव्हा मी ब्रोकर कंपन्यांची कागदपत्रं करून देणाऱ्या वकिलांकडे होते. दीड वर्षापासून मी उलट्या बाजूला आहे. बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या मंडळात. कुणी गैरव्यवहार केला की त्याला कारणे दाखवा नोटीस जाते, तिचा मसुदा आमच्या टेबलावर होतो.

परवा माझ्याकडे एक यादी आली, ऑप्शनच्या व्यवहारांची. ऑप्शन म्हणजे एखादा शेअर पुढच्या तारखेला ठरल्या भावाने घ्यायचा किंवा द्यायचा हक्क. त्या नुसत्या हक्काचीही खरेदी-विक्री होते. या यादीतल्या लोकांनी एक खेळ केलाय. आधी ठरवून एकाने विकायचं, दुसऱ्याने घ्यायचं, आणि दोन मिनिटांत तेच उलटं फिरवायचं. एकाच्या नावावर तोटा, दुसऱ्याच्या नावावर नफा. खोटा तोटा दाखवून कर वाचवणाऱ्यांना हे लागतं. आणि त्यासाठी नावं लागतात, ज्यांना काही विचारता येत नाही अशांची.

एकसष्टाव्या पानावर बुधीबाई, मुक्काम पोस्ट वेवजी, तालुका तलासरी. तिच्याखाली रूपी, हाल्या, चिमण, काळी. मोजली तर अकरा. प्रत्येकाच्या फॉर्मवर अंगठा आहे आणि साक्षीदार म्हणून तुझी सही.

दादा, आपल्या आत्याने, बुधीफुईने, एका दिवसात नऊ वेळा ऑप्शन विकलेत असं तो कागद म्हणतो.

दुकानात जे काही कागद असतील ते जाळू नकोस, कुणाला देऊही नकोस. खाती काढून द्यायला आलेला तो वापीचा माणूस कोण, कुठे भेटायचा, हे आठवून लिहून काढ. आणि मी ही यादी पाहिली हे कुणाला बोलू नकोस. मला हे असं कळवायला परवानगी नाही.

संगी


मुंबई
३ एप्रिल २०१७

दादा,

उत्तर आलं नाही. काल रविवारी मीच येऊन गेले. उंबरगाव स्टेशनला उतरून रिक्षाने तलासरी नाक्यावर गेले तर दुकानाचं शटर खाली. शेजारच्या पंक्चरवाल्याने सांगितलं, झेरॉक्सचं मशीनही विकलं. घरी वहिनी एकटी होती. तू होळीनंतर लगेच अंकलेश्वरला गेलास, केमिकलच्या कंपनीत कंत्राटावर लागलास, हे तिने मला चहा देताना सांगितलं. तुझा पत्ता मागितला तर म्हणाली, "ताई, ते रागावलेले नाहीत. त्यांना तोंड दाखवायची लाज वाटते." पत्ता तिनेच दिला, तिला बोलू नकोस.

पाड्यावर कुणी तुला शिव्या देत नाही. दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. लोक एवढंच म्हणतात, मुकेशलाही फसवलं असेल. हाल्या मला वाटेत भेटला, त्याने डोळे वर केले नाहीत. ब्रोकर कंपनीच्या पत्राबरोबर आमच्या नोटिसाही पोचल्यात. इंग्रजी, चौदा पानी.

बुधीफुईने तिची नोटीस प्लास्टिकच्या पिशवीत घालून कौलाखाली खोचलीय. मी काढायला लावली. तिने पिशवी पुसून दिली आणि विचारलं, "मी काय विकला ग?"

मी सांगायचा प्रयत्न केला. हक्क विकला, म्हटलं. वस्तू नाही, वस्तू घ्यायचा हक्क. मग तिने दुसरंच विचारलं. तिचा वनपट्ट्याचा दावा प्रांत ऑफिसात आहे ना, डोंगराच्या पायथ्याच्या त्या दीड एकराचा. आजोबांपासून आपण नागली लावतो तिथे. तिच्या डोक्यात एकच आहे, तो जमिनीचा हक्क तिच्या नावाने कुणीतरी विकला आणि सरकारने त्याचीच ही नोटीस पाठवली. मी शपथेवर सांगितलं की याचा जमिनीशी संबंध नाही. ती म्हणाली, "नाव तर तेच आहे ना." ही नोटीस आल्यापासून ती प्रांताकडे तारखेला गेलेली नाही. सापडू नये म्हणून.

बाबांची एकुलती बहीण. आपण दोघं बोर्डीला शाळेच्या क्वार्टरमध्ये राहायचो तेव्हा दर शनिवारी चिकूच्या वाडीतलं काम संपवून नऊ मैल चालत भेटायला यायची.

दादा, मला फक्त एवढं कळव, लोकांना तू नक्की काय सांगितलं होतंस?

संगी


मुंबई
२० ऑगस्ट २०१७

दादा,

तुझ्याकडून काही येत नाही, तरी लिहिते. लिहिलं नाही तर दिवसभर हात चालत नाहीत. ऑफिसात एकच परिच्छेद चार वेळा वाचते. मधेच उठून जिन्याने तीन मजले उतरते, परत चढते. लोकांना वाटतं व्यायाम.

डहाणूच्या शितलला तू ओळखत असशील, वाणगावची, माझ्याबरोबर लॉ कॉलेजला होती. ती आता डहाणू कोर्टात वकिली करते. अकरा जणांचं वकीलपत्र तिने घेतलंय. मीच तिला गाठलं. हेही मी करायला नको होतं, कारण त्याच फायलीवर मी मंडळाकडून काम करतेय. हे गावातले लोक माझे नात्याचे आहेत, हे मी वरिष्ठांना अजून सांगितलेलं नाही. नियम आहे, पहिल्याच दिवशी लेखी द्यायचं. मी स्वतःला सांगत राहिले की फाईल माझ्याकडे असली तर फुईला सांभाळता येईल. दुसऱ्या कुणाकडे गेली तर ती एकसष्टाव्या पानावरची एक ओळ राहील.

शितलने बचावाची जी दिशा काढली ती कायद्याने बरोबर आहे. अकराही जण निरक्षर, त्यांना जनधनचं खातं उघडतोय असं सांगितलं गेलं, अंगठे घेतले ते मुकेशने. म्हणजे सगळं तुझ्यावर. ती मला म्हणाली, "वाईट वाटतं, पण यातून फुई सुटते." मग पेन खाली ठेवून तिने सरळ विचारलं, "त्याने अंगठे घ्यायच्या आधी कुणाला तरी विचारलं असेल ना? एवढा इंग्रजी फॉर्म. वकील बहीण असताना?"

मी म्हटलं, मला माहीत नाही.

दादा, हे वाक्य मी सहा महिने प्रत्येक पत्रात लिहायचं टाळतेय. आता लिहिते.

सप्टेंबर २०१४. पाच दिवसांच्या गणपतींचं नुकतंच विसर्जन झालं होतं. दुपारी साडेतीनच्या सुमाराला तुझा फोन आला. मी मीटिंगमध्ये होते. एका ब्रोकर कंपनीसाठी जोखमीचं निवेदन तपासत होते. ग्राहकाला धोका समजावून सांगितला आहे आणि त्याला तो समजला आहे, असं लिहिलेलं असतं ना, ते. मी बाहेर येऊन कुजबुजत बोलले. तू म्हणालास, वापीचा एक माणूस आलाय, गावातल्या लोकांची खाती काढून देतो म्हणतो, फॉर्म लांबलचक आहे, तुला वाचून दाखवू का. तू दोन ओळी वाचल्यास. 'डेरिव्हेटिव्ह' तुला उच्चारता येईना. मी हसले. मला आत जायची घाई होती. मी म्हटलं, "ते सगळीकडे सारखंच असतं रे. चालेल. घे सह्या."

तू म्हणालास, "तू म्हणतेस तर झालं."

पुढच्या मे महिन्यात बाबांच्या दिवसाला रूपीच्या नवऱ्याने मला विचारलं, तुमच्या नावावर आम्ही अंगठे दिले, त्या खात्यांचं काय झालं? तेव्हा मला सगळं आठवलं होतं. पूर्ण. आणि तरी भरल्या मांडवात मी तुझ्यावर ओरडले, की माझं नाव वापरून लोकांना काय वाटेल ते सांगतोस, तुझ्यामुळे माझी सनद जाईल. तू हातातला द्रोण खाली ठेवलास आणि पंगतीतून उठलास. "मी तुला फोन करून विचारलं होतं," असं तू एका शब्दाने म्हणाला असतास तर मी खोटी पडले असते. तू म्हणाला नाहीस.

त्यानंतर तीन महिन्यांत मी नोकरी बदलली. सगळ्यांना वाटलं, तत्त्वासाठी बाजू बदलली.

संगी


डहाणू
१२ डिसेंबर २०१७

दादा,

पत्त्यावरून कळलंच असेल. मी डहाणूत आहे.

गेल्या महिन्यात मॅडमकडे, म्हणजे माझ्या वरिष्ठांकडे गेले आणि लेखी दिलं. बुधीबाई माझी आत्या, मुकेश माझा सख्खा भाऊ, फायलीतली माहिती मी दोघांनाही कळवली. आणि सप्टेंबर चौदाचा फोन. मॅडमनी कागद दोनदा वाचला. रागावल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "हे फेब्रुवारीत का नाही दिलंस?" मग त्या म्हणाल्या, फेब्रुवारीत दिलं असतंस तर फाईल दुसऱ्या टेबलावर गेली असती, एवढंच झालं असतं. आता चौकशी होईल.

फाईल त्याच दिवशी काढून घेतली. मी राजीनामा दिला, तो त्यांनी चौकशी संपेपर्यंत अडकवला नाही ही त्यांची मेहेरबानी. या क्षेत्रात अकरा वर्षं. वायद्यांचा कायदा वेगळ्या खात्याकडे होता तेव्हापासून. ब्रोकरचे करार, ऑप्शनचे नियम, लवादापुढची अपिलं. निघताना टेबलावरचं सामान एका पिशवीत मावलं.

इथे इराणी रोडला शितलच्या ऑफिसात एक खुर्ची आहे. तिच्याकडे येणारी कामं सातबाऱ्याची, पोटगीची, मोटार अपघाताची. पहिल्या आठवड्यात मी तिला ऑप्शनबद्दल काहीतरी समजावू लागले तर ती म्हणाली, इथे ते कुणी विचारत नाही, तू जरा टायपिंग शिक. मला स्वस्थ बसवत नाही. संध्याकाळी समुद्रावर जाते, पारनाक्यापर्यंत चालते, परत येते. पाय थांबले की डोकं सुरू होतं.

सुनावणी मार्चच्या पहिल्या आठवड्यात मुंबईत आहे. तुलाही नोटीस आली असेल. मी प्रतिज्ञापत्र केलंय, त्यात फोनचं सगळं आहे. तू येऊ नकोस. तू आलास तर तुला उलटसुलट विचारतील आणि तू काहीतरी बोलून बसशील. माझं प्रतिज्ञापत्र पुरेसं आहे. यावेळी तरी माझं ऐकू नकोस असं म्हणायला हवं, पण मी म्हणते, ऐक.

संगी


डहाणू
९ मार्च २०१८

दादा,

तू ऐकलं नाहीस.

मी फुईला आणि रूपीला घेऊन आधीच पोचले होते. सातवा मजला. दाराशी फुईने चपला काढल्या आणि त्या गार फरशीवरून अनवाणी आत गेली. तिथला शिपाई म्हणाला, आजी, घाला, चालतं. तिने ऐकलं नाही. साहेबांच्या खोलीत जातो तर चपला बाहेर. मग शितलनेही स्वतःच्या काढल्या. मला ते सुचलं नव्हतं.

सुनावणी घेणारे अधिकारी सभ्य होते. त्यांनी फुईला विचारलं, अठरा फेब्रुवारी २०१५ ला तुम्ही कुठे होतात? शितलने आपल्या भाषेत सांगितलं. फुईला तारीख कळेना. ती म्हणाली, शिमग्याच्या आधी तर आम्ही वीटभट्टीवर असतो. अधिकाऱ्यांनी संगणकावर काय खरेदी केलं असं विचारलं तेव्हा तिने विचारलं की संगणक म्हणजे मुकेशच्या दुकानातला का. तो मी पाहिलाय, म्हणाली, लांबून.

तेवढ्यात तू आलास. कंपनीचा निळा शर्ट, खिशावर नाव. तीन वर्षांनी पाहिलं तुला. मान काळवंडलीय आणि उजव्या हाताला पट्टी होती. ती कशाची हे विचारायलाही मिळालं नाही.

तू काय बोललास ते तुला माहीत आहे. मी कुठे बसले होते हे मात्र तू पाहिलं नाहीस, म्हणून लिहिते. मी तुझ्या मागच्या खुर्चीवर होते. साहेबांनी माझं प्रतिज्ञापत्र वाचून दाखवलं आणि विचारलं, हे खरं आहे का? तू म्हणालास, "नाही साहेब. मी बहिणीला फोन केला नव्हता. मला इंग्रजी समजतं असं मला वाटलं. ती मला वाचवायला बोलते." एका दमात. पाठ केल्यासारखं. मग सही करून तू निघालास. माझ्या खुर्चीला तुझा हात लागला, तू थांबला नाहीस.

त्यानंतरचं तुला माहीत नाही. साहेबांनी चष्मा काढला आणि म्हणाले, दोघांपैकी एकाने शपथेवर खोटं सांगितलंय. शितलने माझ्याकडे पाहिलं. मला कळत होतं, मी गप्प बसले तर बहिणीने मायेपोटी लिहिलं असं धरून माझी सनद वाचते, तुला जी शिक्षा व्हायची ती होतेच, फुईही सुटते. तुझ्या साक्षीने सगळं सोपं केलं होतं. तू मुद्दाम केलंस ते.

शितलकडे फुईच्या फॉर्मची झेरॉक्स होती. वहिनीने पेटीतून काढून दिलेली. त्या गठ्ठ्यात शेवटच्या पानावर, कोपऱ्यात, पेन्सिलने दोन शब्द होते. ते शितलने वाचले नव्हते, मी वाचले होते. आदल्या आठवड्यात. आणि तिला दाखवले नव्हते. प्रतिज्ञापत्र पुरेल असं वाटलं होतं मला.

मी उभी राहिले. साहेबांना म्हटलं, शितलकडच्या फॉर्मचं शेवटचं पान बघा. त्यांनी कागद तिरका धरून वाचलं. 'संगीला विचारलं.' त्याखाली चार सप्टेंबर. त्यांनी विचारलं, अक्षर कुणाचं? मी म्हटलं, माझ्या भावाचं. पहिलीत मला त्यानेच हात धरून गिरवायला शिकवलं, माझा 'ग' अजून त्याच्यासारखाच येतो. त्यांनी मला तिथेच एका कागदावर 'ग' काढायला लावला.

साहेबांनी तो कागद फायलीला लावला. फुईने मला बाहेर आल्यावर विचारलं, मुकेश खोटा बोलला का? मी म्हटलं, हो. ती म्हणाली, "तुझ्यासाठी बोलला." आणि चपला घालून खाली बसली. माझ्याशी गाडीत वाणगावपर्यंत बोलली नाही.

मी तुला खोटं पाडलं. तू माझ्यासाठी एकदाच खोटं बोललास, तेही मी राहू दिलं नाही. बरोबर केलं की काय, मला अजून कळत नाही. माझ्या आधीच्या सगळ्या वर्षांत मला नेहमी कळायचं.

संगी


डहाणू
१७ जून २०१९

दादा,

हुकूम आला. सव्वा वर्षाने. शितलने प्रत पाठवली असेलच, तरी सांगते.

अकराही जणांवरची कारवाई रद्द. त्या लोकांना व्यवहारांची माहितीच नव्हती असं स्पष्ट लिहिलंय. ब्रोकर कंपनीवर आणि वापीच्या माणसावर वेगळी केस सुरू आहे, ती चालेल. तुला दोन वर्षं बाजारात कुठलंही काम करायला बंदी, एवढंच. शपथेवर खोटं बोलल्याबद्दल साहेबांनी लिहिलंय की साक्षीदाराचा हेतू स्वतःच्या फायद्याचा नव्हता. पुढे काही केलेलं नाही. माझ्याबद्दल दीड पान आहे. बार कौन्सिलकडे गेलंय. ताकीद मिळेल किंवा सनद काही काळ निलंबित होईल. शितल म्हणते ताकीद. मी रोज वेगळं ठरवते.

मी वेवजीला जाऊन अकरा जणांना बसवलं आणि हुकूम आपल्या भाषेत सांगितला, वाक्य वाक्य. दोन तास लागले. काळीने मधेच तीन वेळा थांबवून विचारलं. चिमण झोपला. बुधीफुईला म्हटलं, तुझं नाव काढलं. ती म्हणाली, माझं नाव काढायला माझी पोरं आहेत का, तुम्ही दोघंच. आणि हसली. मग म्हणाली, आता प्रांताकडे जाऊ. गेल्या मंगळवारी आम्ही गेलो. दाव्यात तिच्या गैरहजेरीची नोंद आहे, पण दावा जिवंत आहे. पुढची तारीख ऑगस्टची, त्याआधी मोजणी. तिथे मी वकील म्हणून उभी नव्हते, भाची म्हणून बाकावर होते. चार तास बसावं लागलं आणि पहिल्यांदाच उठून फेऱ्या मारल्या नाहीत. फुई माझ्या खांद्यावर झोपली होती, उठता येईना.

नाक्यावरच्या त्या गाळ्याचं भाडं वहिनी अजून भरते, माहीत आहे तुला? ती म्हणते, लोक येऊन विचारतात मुकेश कधी येणार. दाखल्यांचे फॉर्म भरायला तलासरीत दुसरे दोघं आहेत, तरी विचारतात. तिने तुला सांगितलं नसणार, म्हणून मी सांगते. परत यायचं की नाही हे तू ठरव.

या रविवारी मी अंकलेश्वरला येतेय. तुझी शिफ्ट दुपारी तीनला सुटते असं वहिनीकडून कळलं. मी कंपनीच्या गेटसमोर, रस्त्याच्या पलीकडे उभी असेन. हातात काही कागद नसेल. तुला मला घरी न्यायची गरज नाही, चहा पाजायची नाही. पण तू मला पाहून तसाच निघून जाऊ नकोस. थांब आणि मला रागाव. जे काही तोंडाला येईल ते बोल, गेटवरच्या सगळ्यांसमोर बोल. फोन केला तेव्हा तू मला रागावला नाहीस, मांडवात नाहीस, सातव्या मजल्यावर नाहीस. पाच वर्षं झाली, मी वाट बघतेय.

तुझी
संगी